चिनोवर कोणता बूट? रावपुऱ्यातल्या तपकिरी डर्बीचे चौदा महिने

आधी वस्तू सांगतो, म्हणजे ज्यांना तेवढंच हवं आहे त्यांचा वेळ जायला नको. तपकिरी चामड्याचा लेसवाला डर्बी, गोलसर नाक, रबरी सोल, माप आठ, रुंद साचा. बडोद्यात, रावपुऱ्यातल्या एका जुन्या दुकानातून नोव्हेंबर २०२४ मध्ये ३,४५० रुपयांना घेतला. आठवड्यातले चार-पाच दिवस, कायम चिनोवर, म्हणजे जाडसर सुती पँटवर, बडोद्याच्या एका अख्ख्या उन्हाळ्यातून आणि एका पावसाळ्यातून हा जोड गेलाय. मी परत हाच घेईन. का, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

अठरा वर्षं मी नंदेसरीच्या एका केमिकल कंपनीत प्लांटवर होतो. तिथे बूट निवडायचा प्रश्नच नसतो, कंपनी देते. बोटांवर पोलादी टोपी असलेले सेफ्टी शूज, आयएस १५२९८ या भारतीय मानकाचा शिक्का, टोपी २०० ज्यूलचा आघात सोसणारी. सकाळी पाय त्यात घालायचे, शिफ्ट सुटली की काढायचे, घरी चप्पल. लग्नकार्यासाठी एक काळा जोड कपाटात. एवढ्या सामानावर चाळिशी ओलांडली. मग २०२४ च्या ऑक्टोबरात माझी बदली अलकापुरीच्या ऑफिसात, खरेदी विभागात झाली. तिथे सगळे चिनो आणि शर्टात. बायकोनं तीन चिनो आणल्या, वाळूच्या रंगाची, नेव्ही आणि ऑलिव्ह, आणि म्हणाली, "आता खाली काय घालणार ते तुम्ही बघा."

मी काळा जोड काढला. त्या वर्षी ऑगस्टच्या शेवटी विश्वामित्री नदी शहरात शिरली तेव्हा आमच्या समा भागातल्या तळमजल्यावर पाणी होतं, आणि कपाटाचा खालचा खण दीड दिवस पाण्यात होता. बूट वाळवले होते, वरून ठीक दिसत होते. ऑफिसच्या पहिल्याच दिवशी जिना चढताना टाचेखाली काहीतरी भुसभुशीत लागलं. दुपारपर्यंत सोलचा काळा भुगा माझ्या खुर्चीखाली सांडला होता. मला कारण माहीत होतं, कारण हा माझ्या धंद्यातलाच विषय आहे: तो सोल पॉलियुरेथेनचा, म्हणजे पीयूचा, होता, आणि त्याच्या काही जातींचं दमट हवेत हळूहळू जलविघटन होतं, म्हणजे ओलाव्यानं ते तुटत जातं. पुरानं फक्त शेवट केला, सुरुवात कपाटात आधीच झाली होती. वर्षातून दोनदा घालायचा जोड घ्यायचा असेल तर पीयू सोलचा घेऊ नका, हे मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगतो.

मग चुका सुरू झाल्या. पहिल्यांदा मॉलमधून एक टोकदार नाकाचा चकाकता काळा ऑक्सफर्ड आणला. सुटाखाली तो शोभला असता. चिनोखाली तो परका दिसायचा. आपल्याकडे चिनोला कुणी फॉर्मल म्हणतं, कुणी कॅज्युअल, पण कापड हातात घेतलं की कळतं: जाडसर सुती ट्विल, तिरक्या विणीचं, जीन्ससारखंच, फक्त मऊ आणि एकरंगी. मुळात हा लष्करी कपडा. त्याचा सर्वांत ओळखीचा रंग खाकी, आणि तो शब्द तर आपल्याच उपखंडातला, खाक म्हणजे धूळ. एकोणिसाव्या शतकात पेशावरकडच्या इंग्रजी पलटणीनं पांढरे कपडे मातकट रंगवून घ्यायला सुरुवात केली, तिथून हा रंग जगभर गेला. धुळीसाठी केलेल्या कापडाखाली आरशासारखा बूट बसत नाही. उलट टोकाला, जाळीचे रनिंग शूज घातले तर माणूस कमाटीबागेत फेरी मारून तसाच ऑफिसला आल्यासारखा वाटतो. चिनोला मधला बूट लागतो, आणि मधली वस्तू निवडणं सर्वांत अवघड असतं.

तर रावपुरा. आईचं घर दांडिया बाजारात, तिच्याकडे जाताना या दुकानावरून मी लहानपणापासून गेलोय, आत कधी शिरलो नव्हतो. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण मालकांनीच तसं सांगितलंय; गर्दी झाली तर माप घ्यायला वेळ उरणार नाही, असं त्यांचं म्हणणं. त्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला गेलो, ऑफिस सुटल्यावर, मोजे आणि चिनो अंगावर होतेच. वेळ योगायोगानं बरोबर साधली. दिवसभरात पाय थोडा सुजतो. सकाळी नीट बसलेला बूट संध्याकाळी चावतो. बूट घ्यायला संध्याकाळीच जावं.

मी सवयीनं म्हणालो, "नऊ नंबर दाखवा." दुकानातल्या काकांनी बूट काढलेच नाहीत. स्टूल पुढे ओढलं, लाकडी मापपट्टी काढली आणि म्हणाले, "बन्ने पग मापवा पडे, साहेब." म्हणजे दोन्ही पाय मोजावे लागतात. आधी बसवून मोजलं, मग उभं करून. उभं राहिल्यावर अंगाचं वजन पडतं आणि पाय लांबीला नि रुंदीला दोन्हीकडे पसरतो. डावा पाय उजव्यापेक्षा चार मिलिमीटर लांब निघाला. चार मिलिमीटर म्हणजे जवळजवळ अर्धं माप, कारण आपल्याकडे चालणाऱ्या इंग्रजी मोजणीत एक माप म्हणजे इंचाचा तिसरा भाग, साडेआठ मिलिमीटरच्या आसपास. जवाच्या एका दाण्याची लांबी धरून ही मोजणी बसवलेली आहे. मग त्यांनी टेपनं चवड्याचा घेर घेतला आणि मान हलवली. त्यांचं म्हणणं मराठीत सांगतो: तुमचा पाय आठचाच आहे, पण रुंद आहे. आठ नंबर बाजूनं चावतो म्हणून तुम्ही आयुष्यभर नऊ घालत आलात.

हे ऐकून मी खरोखर गप्प झालो. कारण यात माझ्या सगळ्या तक्रारींचं उत्तर होतं. रुंदीसाठी लांबी वाढवली की बूट ज्या जागी वाकायला हवा ती जागा पायाच्या वाकण्याच्या जागेपुढे जाते. मग बोटांच्या वर आडव्या खोल घड्या पडतात, टाच मागे निसटते आणि नाक पुढे रिकामं राहून वर उचललं जातं. माझ्या प्रत्येक जोडाचं नाक वर्षभरात होडीसारखं वळायचं, ते यामुळे. हे मी स्वतःच्या पायाबद्दल शेहेचाळिसाव्या वर्षी शिकलो, आणि दुकानात आणखी कुणी शिकत असेल तर त्यानं आधी रुंद साचा मागावा, नंबर वाढवू नये. अंगठ्यापुढे साधारण अर्धा इंच जागा, टाच घट्ट, चवड्याच्या दोन्ही बाजूंना दाब नाही. लांब पायाला बसेल ते माप घ्यायचं, आखूड पायाच्या बुटात जादा सुकतळा टाकायचा. माझ्या उजव्या बुटात तो आजही आहे.

डर्बी का, तर त्याची रचना. ज्या दोन पाळ्यांना लेसची भोकं असतात, त्या डर्बीत पुढच्या भागाच्या वरून शिवलेल्या असतात, खालून मोकळ्या, म्हणून दाराच्या दोन फळ्यांसारख्या उघडतात. ऑक्सफर्डमध्ये त्या पुढच्या भागाखाली शिवून बंद केलेल्या असतात. रुंद किंवा उंच पाठीच्या पायाला ऑक्सफर्ड लेस बांधल्यावरही व्ही आकारात ताणलेला राहतो, डर्बी पायाप्रमाणे जुळवून घेतो. आणि बघणाऱ्याच्या नजरेलाही तो चिनोच्या पातळीवरचा दिसतो: सुटापेक्षा एक पायरी खाली, जीन्सपेक्षा एक पायरी वर. भोकाभोकांची नक्षी, म्हणजे ब्रोग, असलेला जोडही काकांनी दाखवला. चांगला होता, पण नक्षीच्या भोकांत आपली धूळ बसते, म्हणून साधाच घेतला.

चामडं कसं तपासायचं तेही त्यांनी दाखवलं. अंगठा दाबला की बारीक सुरकुत्या उमटतात आणि अंगठा काढला की जातात, ते खरं चामडं. जाड रंगाचा लेप दिलेल्या चामड्यावर दाबल्यावर सुरकुत्या उमटत नाहीत, नुसता खळगा पडतो, आणि वर्षभरात घडीवर लेप तडकतो. रेग्झिनच्या बुटाची कापलेली कड बघायची, खाली कापडाची वीण दिसते. सोलच्या कडेनं वर दिसणारी शिलाई खाली उतरते का, तेही पाहायचं. बऱ्याच बुटांवर ती नुसती शोभेची असते. माझ्या बुटाचा सोल चिकटवलेलाच आहे, हे काकांनी विचारायच्या आधी सांगितलं. शिवलेल्या वेल्टचा, म्हणजे कडेच्या पट्टीला सोल शिवलेला, जोड त्यांच्याकडे होता, साडेसात हजारांचा. तो दोनदा-तीनदा सोल बदलून दहा वर्षं चालेल, हे मान्य. मला पहिल्या जोडावर तेवढे घालायचे नव्हते. बिल पक्कं मिळालं. आता घेणाऱ्यांसाठी: सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या जोडावर जीएसटी पाच टक्के आहे, त्याहून महाग जोडावर अठरा. त्यामुळे दोन हजार चारशे आणि दोन हजार सहाशे यांतला फरक दिसतो त्याहून मोठा आहे.

आता वापर. पहिले चार दिवस डाव्या टाचेला चावला. घरात रोज तासभर जाड मोजे घालून फिरलो, पाचव्या दिवसापासून त्रास नाही. पहिले दोन आठवडे सुकतळ्याचा तपकिरी रंग मोज्यांना लागत होता. फिकट मोजे तेवढे दिवस घालू नका. मूळची गोल मेणाची लेस दिवसातून तीनदा सुटायची, हा मला या बुटाचा सर्वांत मोठा दोष वाटला. चाळीस रुपयांची चपटी सुती लेस घातली आणि प्रश्न मिटला, पण साडेतीन हजारांच्या वस्तूत तो असायला नको होता. वजन सेफ्टी शूजच्या मानानं काहीच नाही, पण ज्यांना स्पोर्ट्स शूजची सवय आहे त्यांना हा जड लागेल. मे महिन्यात, पारा बेचाळीसच्या वर गेला की पूर्ण बंद चामड्याचा बूट गरम होतोच. सुती मोजे रोज बदलणं आणि एक दिवसाआड बुटाला विश्रांती देणं, याला पर्याय नाही. मी सुरुवातीला रोज तोच घालायचो, आतला घाम वाळायलाच वेळ मिळायचा नाही.

जुलैमध्ये एकदा रेल्वे स्टेशनजवळ घोट्याएवढ्या पाण्यातून चालत यावं लागलं. घरी आल्यावर बायको म्हणाली उन्हात ठेवा, आई फोनवर म्हणाली चुलीजवळ ठेवा. दोघींचंही ऐकलं नाही. आज मिळणारं बहुतेक चामडं क्रोमियमच्या क्षारानं कमावलेलं असतं. ते पाण्याला तसं घाबरत नाही, पण झटकन वाळवलं की त्यातली चरबी कमी होऊन घड्यांवर कडक होतं. लेस सैल केली, सुकतळा काढला, आत वर्तमानपत्राचे बोळे भरले, तासाभरानं बदलले, सावलीत पंख्याखाली आडवे ठेवले. दोन दिवस लागले. मग तपकिरी क्रीम बोटानं चोळलं. सोल कुठेही सुटला नाही. ओल्या फरशीवर, आमच्या ऑफिसच्या गुळगुळीत लॉबीतसुद्धा, पाय घसरला नाही. चामड्याच्या सोलचे देखणे बूट मी त्याच लॉबीत घसरताना पाहिलेत. बडोद्यात चिनोखाली रबरी सोलच हवा, यावर मी ठाम आहे.

दहाव्या महिन्यात टाचेची बाहेरची कड झिजली, कारण माझं वजन त्या बाजूला पडतं. न्यायमंदिराजवळ बसणाऱ्या मोचीकाकांनी झिजलेला भाग कापून रबराचा तुकडा चिकटवला आणि बारीक खिळे मारले, १२० रुपये. त्यांनी बूट उलटा करून आत हात घातला, वाकवून पाहिला आणि म्हणाले, हा अजून दोन वर्षं जाईल. सोल पूर्ण झिजेपर्यंत थांबू नका, कड तिरपी झाली की लगेच न्या. नंतर ती झीज वरच्या चामड्यालाही वाकडं करते.

या चौदा महिन्यांत दुसरे प्रकारही घालून पाहिले, त्याबद्दल थोडक्यात. लोफर: आपल्या जगण्याला खरं तर हाच सोयीचा. देऊळ, नातेवाइकांचं घर, शिंप्याचं दुकान, दिवसातून पाच वेळा बूट काढावे लागतात, आणि गणपतीत दांडिया बाजारात घरोघरी दर्शनाला जाताना मी लेस सोडत-बांधत उंबऱ्यावर बसलेलो असायचो. पण लोफरला लेस नाही, त्यामुळे तो पायाच्या पाठीवर घट्ट बसला तरच टाचेत टिकतो. पुढे रुंद आणि मागे अरुंद पाय असेल, माझ्यासारखा, तर पुढे दाबतो आणि मागे निसटतो. ज्यांचा पाय सडपातळ आहे त्यांनी माझं ऐकू नये, लोफरच घ्यावा. पांढरे स्नीकर्स माझ्या मुलीनं घ्यायला लावले. नेव्ही चिनोवर शनिवारी फार छान दिसतात, मात्र दर आठवड्याला पुसावे लागतात. कोल्हापुरी तर घरचीच. चिनोचा पाय एक घडी वर दुमडून, वर सुती कुर्ता, संध्याकाळी फिरायला. २०१९ पासून तिला भौगोलिक मानांकन आहे, आणि ऑफिसला चालत नाही एवढाच तिचा तोटा.

घोट्यापर्यंतचा सुएडचा, म्हणजे मखमली पोताच्या चामड्याचा, बूट, ज्याला चक्का म्हणतात, तो मात्र माझ्या मनात घर करून बसलाय. शब्द पोलोतला, खेळाच्या एका डावाला चक्कर म्हणतात तो. ज्या शहरात पोलो ग्राउंड नावाचं मैदान आहे, तिथल्या माणसाला याचं अप्रूप वाटणारच. वाळूच्या चिनोखाली गडद तपकिरी सुएड, दोन्ही कापडं-कातडी मंद, चमक कुठेच नाही. यापेक्षा चांगली जोडी मी पाहिली नाही. पण बडोद्यात तो नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात सुएडवर पाण्याचे डाग पडतात, कपाटात बुरशी धरते. ज्याला एकच जोड घ्यायचा आहे त्यानं हा घेऊ नये.

रंगाबद्दल सगळे विचारतात. चिनोपेक्षा बूट दोन छटा गडद असला की बहुतेक वेळा जमतं. नेव्हीखाली मध्यम तपकिरी, ऑलिव्ह आणि करड्याखाली गडद. एकच जोडी टाळा: गडद खाकी चिनो आणि चकाकता लालसर तपकिरी बूट. ती आपल्या पोलिसांची जोडी आहे, आणि पट्टाही त्याच रंगाचा असेल तर लोक खरंच रस्ता सोडतात. मी म्हणूनच वाळूचा फिका रंग ठेवला आणि बुटाला चमक येईल असं पॉलिश करत नाही, नुसतं क्रीम. मोजे बुटाशी नव्हे, चिनोशी जुळवा.

आणि लांबी. ही गोष्ट बुटाइतकीच महत्त्वाची आहे आणि तिला पन्नास रुपये लागतात. माझ्या चिनोचं बॉटम, म्हणजे पायाशी खालचा घेर, चौदा इंच. तयार चिनो दीड इंच लांब होत्या, बुटावर तीन-तीन चुण्या पडायच्या आणि चांगला बूटही बिचारा झाकला जायचा. शिंप्याकडे बूट घालूनच गेलो, कड बुटाच्या पाठीला नुसती टेकेल एवढी ठेवली. अरुंद बॉटमला फार जाड सोल नको, नाहीतर पाय ओंडक्यासारखा दिसतो. माझ्या डर्बीचा सोल पुढे जेमतेम एक सेंटिमीटर आहे, तो बरोबर बसतो.

गेल्या आठवड्यात पुन्हा रावपुऱ्याला गेलो, दुसऱ्या जोडासाठी, म्हणजे दिवसाआड बदलता येतील. काकांनी जुनी वही काढली, माझं माप त्यात लिहिलेलं होतं, तरी पुन्हा मोजलं. गडद तपकिरी, तोच साचा, त्यांनी मागवून ठेवायचं कबूल केलंय, आणि या वेळी चपटी लेस घालून द्या असं मी सांगून आलोय. दुकान रविवारी दुपारनंतर बंद असतं. पाचनंतर जा, ऑफिसचे मोजे घालून जा, आणि जी चिनो सर्वांत जास्त घालता ती अंगावर असू द्या.